काका, जरा ‘आ’ करा

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या कोविड वॉर्डात दिवसभर एकच तक्रार कानावर पडायची, “सिस्टर, तोंडाला चवच नाही.” ताटं तशीच परत जायची. वरण-भाताला बोट लावलेलं नसायचं, चपातीचा एखादा तुकडा मोडलेला असायचा. मावशी ताटं गोळा करून आणायच्या आणि सांगायच्या, “पाच नंबरनं आजपण काही खाल्लं नाही.” कोविडमध्ये चव आणि वास जातो हे तोवर घराघरांत माहीत झालं होतं, त्यामुळे पेशंट का जेवत नाही याचा वेगळा शोध कोणी घेत नव्हतं. कारण आधीच ठरलेलं होतं.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका कोविड रुग्णालयात अधिपरिचारिका होते. आमचा वॉर्ड ऑक्सिजनवरच्या पेशंटचा होता आणि त्याला लागून थोडे बायपॅपचे (घट्ट मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या मशीनचे) बेड. त्या लाटेबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे, बेड आणि सिलिंडरबद्दल तर फारच. मला सांगायचं आहे ते त्या मानानं लहान दिसणाऱ्या एका त्रासाबद्दल. फुप्फुसातून सावरत असलेली माणसं तोंडातल्या बुरशीनं जेवण सोडत होती आणि खंगत होती. हा आजार बहुतेक वेळा नुसत्या टॉर्चनं दिसतो. स्कॅन लागत नाही, महागडी तपासणी लागत नाही. मास्क बाजूला करून तोंडात पाहावं लागतं एवढंच, आणि नेमकं तेच होत नव्हतं.

पाच नंबरचे काका ऊस लावणारे शेतकरी. साठीच्या पुढचे, जुना मधुमेह, बायपॅपवर. जेवणापुरता बायपॅप काढून नाकात प्रॉंग्ज (ऑक्सिजनच्या बारीक नळ्या) लावायचे आणि एक डोळा मॉनिटरवर ठेवून पेशंटला चार घास भरवायचे, अशी आमची पद्धत होती. ऑक्सिजन खाली घसरायला लागला की ताट बाजूला, मास्क पुन्हा चेहऱ्यावर. त्या थोड्या मिनिटांत काका ताक मागून घ्यायचे आणि गटागटा प्यायचे. आमटीचा घास मात्र तोंडात गेला की डोळ्यांत पाणी यायचं आणि मान फिरवायचे. चव गेलेला माणूस ताक आणि आमटी दोन्ही सारख्याच नाराजीनं बाजूला ठेवतो. यांचं तसं नव्हतं. मी विचारलं, “काका, चव लागत नाही की दुखतंय?” ते म्हणाले, “आग व्हतीया बघा बाई. घास लागला की आग.”

टॉर्च मारली. जीभ, दोन्ही गालांची आतली बाजू आणि टाळू यांवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके आणि थर. ओठांचे कोपरे चिरलेले. लाकडी पट्टीला गॉज गुंडाळून हलकेच पुसलं तर थर निघून आला आणि खाली लालबुंद, सोललेली जागा दिसली, त्यातून किंचित रक्तही आलं. राउंडला फिजिशियन सरांनी स्वतः पाहिलं आणि इंडोर पेपरवर लिहिलं, ओरल कॅन्डिडिआसिस. त्याखाली तीन ओळी होत्या: क्लोट्रिमॅझोल माउथ पेंट (तोंडाच्या आतून लावायचं बुरशीवरचं औषध), शुगर आटोक्यात आणणे, माउथ केअर.

कॅन्डिडा ही यीस्ट जातीची बुरशी आहे आणि ती बाहेरून आलेली नसते. पुष्कळ धडधाकट माणसांच्या तोंडात ती शांतपणे राहते. लाळ तिला सतत धुऊन काढत असते, तोंडातले जिवाणू तिला जागा देत नाहीत आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशी तिच्यावर लक्ष ठेवतात. कोविड वॉर्डात हे तिन्ही पहारे एकाच वेळी उठलेले असायचे. रक्ताचे रिपोर्ट पाहिले तर लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशींतला एक प्रकार) उतरलेल्या. न्यूमोनियावर जिवाणू येऊन बसतील या भीतीनं मोठमोठी अँटिबायोटिक्स चालू, त्यामुळे तोंडातले नेहमीचे जिवाणू मेलेले. लाळेचं तर विचारूच नका.

आणि वरून स्टेरॉइड. याबद्दल मला जपून बोलायचं आहे, कारण नंतर लोकांनी स्टेरॉइडला खलनायक करून टाकलं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, एवढ्या औषधानं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्या पेशंटमधले एक पंचमांशानं कमी झाले. हे स्वस्तातलं औषध आहे आणि त्यानं आमच्या वॉर्डातली माणसं घरी गेली. त्याच चाचणीनं असंही दाखवलं होतं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना याचा फायदा नाही. तरी दुसऱ्या लाटेत ताप आल्या दिवसापासून घरीच स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊन आलेले पेशंट आम्हाला भेटायचे. ॲडमिट होईपर्यंत त्यांची साखर तीनशेच्या घरात गेलेली असायची आणि ज्यांना कधी मधुमेह नव्हता त्यांनाही इन्सुलिन सुरू करावं लागायचं. लाळेत साखर वाढली की बुरशीला आयतं खाणं मिळतं. पाच नंबरच्या काकांची एचजीटी (बोट टोचून मोजलेली साखर) त्या सकाळी साडेतीनशेच्या वर होती.

लाळ का आटायची, हे बाहेरच्या माणसाला सहज कळणार नाही. नाकातोंडावर मास्क आणि त्यातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर ऑक्सिजन. दम लागलेला माणूस तोंडानं श्वास घेतो. काही तासांत जीभ टाळूला चिकटते, ओठांवर खपल्या धरतात. नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या हाय-फ्लोच्या मशीनमध्ये हवा गरम आणि ओलसर करून देतात, पण तिथे प्रवाह साठ लिटरपर्यंत नेता येतो, शिवाय पेशंटचं तोंड उघडंच असतं. आणि आणखी एक कारण होतं, जे एकाही पुस्तकात मी वाचलेलं नाही. पेशंट मुद्दाम पाणी पीत नव्हते. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागणार, उठलं की दम लागणार, मॉनिटर वाजणार. बेडपॅन मागायची बायकांना लाज वाटायची. एका मामींनी मला सरळ सांगितलं, “पाणी कमी पिते म्हणजे तुम्हाला त्रास नको.” त्यांची जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती. त्यानंतर मी प्रत्येकाच्या उशाशी बाटली ठेवून “दर तासाला दोन घोट, आणि बेडपॅनची काळजी माझी” असं म्हणायला लागले.

काकांचं तोंड पाहिलं त्याच दुपारी मी टॉर्च घेऊन सगळ्या वॉर्डातून फिरले. कोणाच्या जिभेवर थर, कोणाच्या गालात ठिपके, कोणाचं नुसतं टाळू लाल. सगळ्यांना होतं असं नाही. पण जे जेवत नव्हते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना होतं. काहींनी आधी “तोंड आलंय” असं सांगितलंही होतं आणि त्यांना बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल सुरू झाली होती. तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलं आहे की कोणी आत डोकावतच नाही. घरच्यांनीही आपापले उपाय धाडले होते. गेटवर येणाऱ्या पिशव्यांतून जाईचा पाला यायचा, मधाची बाटली यायची. मायेनंच पाठवलेलं असायचं ते. पण साखर तीनशे असलेल्या माणसाच्या जिभेवर मध लावणं म्हणजे बुरशीला जेवू घालणं, हे मला फोनवर मुलाला-सुनेला समजावून सांगावं लागायचं, त्यांचं मन न दुखवता.

पिशव्यांवरूनच दुसरी गोष्ट लक्षात आली. माणूस रात्री-अपरात्री ॲम्ब्युलन्समधून यायचा तेव्हा त्याच्याजवळ मोबाइल आणि चार्जर असायचा. ब्रश नसायचा. पुढे रोज पिशवी यायची, पण त्यात बिस्किटं, शहाळं, सफरचंदं, उकडलेली अंडी. दात घासायला काहीच नाही. म्हणजे कित्येक माणसांच्या तोंडात ॲडमिट झाल्यापासून ब्रश गेलाच नव्हता. परिसेविका मॅडमना सांगून आम्ही हेल्पडेस्कच्या नातेवाइकांसाठीच्या यादीत चार वस्तू वाढवल्या: मऊ ब्रश, पेस्ट, लहान टॉवेल आणि कवळी असेल तर झाकणाची डबी. यादीत लिहिलं की लोक आणून देतात. तोवर त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग माउथ केअर. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला हे शिकवतात. ट्रे कसा लावायचा, आर्टरी फोर्सेप्समध्ये गॉज कसा पकडायचा, किडनी ट्रे हनुवटीखाली कुठे धरायचा. परीक्षेत विचारतात म्हणून पाठही करतो. नोकरीला लागल्यावर इंजेक्शनं, सलाईन, नोंदी यांच्या गर्दीत सगळ्यात आधी हेच मागे पडतं. कोविड वॉर्डात ते पूर्णच सुटलं होतं, आणि त्याला नुसता वेळ कारण नव्हता. उघड्या तोंडाच्या पेशंटजवळ वाकायची भीती होती. ती भीती खोटी नव्हती. आमच्यातल्याही काही जणी आजारी पडल्या होत्या. म्हणून आम्ही समोर न उभं राहता बाजूनं उभं राहायचं ठरवलं, एन-९५ वर फेसशिल्ड, आणि ज्यांना हात हलवता येतो त्यांना स्वतःच करू द्यायचं.

जागे असलेल्या पेशंटचं सोपं होतं. जेवणासाठी मास्क निघतोच, तेवढ्याच वेळात सगळं बसवायचं. आधी जेवण, मग मऊ ब्रश, मग पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चूळ, आणि शेवटी माउथ पेंट. हा क्रम महत्त्वाचा. आधी औषध लावलं आणि मग जेवण दिलं तर औषध पोटात जातं, जिभेवर राहत नाही. पेंट लावल्यावर अर्धा तास पाणीसुद्धा द्यायचं नाही. दिवसातून तीन-चार वेळा. बायपॅपवरचा पेशंट एका दमात एवढं सोसू शकला नाही तर अर्धं आता, अर्धं पुढच्या वेळी. ऑक्सिजन उतरला की हातातलं टाकून मास्क.

गुंगीत असलेल्यांचं अवघड. त्यांना कुशीवर वळवायचं, सक्शन (तोंडातलं पाणी-लाळ ओढून घेणारी नळी) हाताशी सुरू ठेवायचं, गॉज सोड्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्यायचं आणि मग गाल, हिरड्या, जीभ, टाळू असं पुसत जायचं. तोंडात पाणी ओतायचं नाही, कधीच नाही. ते श्वासनलिकेत गेलं तर आधीच कमकुवत झालेल्या फुप्फुसात नवा न्यूमोनिया. व्हेंटिलेटरवर गेलेल्यांच्या तोंडात नळी, नळीला पट्ट्या, पट्ट्यांखाली सुजलेले ओठ. तिथे दोघी लागायच्या, एक नळी धरून ठेवायला. तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरत होतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संसर्ग-प्रतिबंधाच्या संस्थांनी व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियाबद्दलच्या शिफारशी सुधारल्या, त्यात ब्रशनं दात घासण्यावर भर आहे आणि क्लोरहेक्सिडिन सरसकट वापरू नये असं आहे. मला त्यातलं ब्रशचं महत्त्व फार पटलं. औषधाच्या बाटलीपेक्षा हातानं केलेली स्वच्छता जास्त काम करते, हे आम्ही बघत होतोच.

आठ नंबरला एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या तोंडात पांढरं काहीच नव्हतं, म्हणून पहिल्या फेरीत मी पुढे गेले असते. पण बोलताना त्यांची वरची कवळी हलत होती. मी म्हटलं, “गुरुजी, कवळी काढून दाखवता?” ते तयार होईनात. रोज संध्याकाळी नातवंडांचा व्हिडिओ कॉल यायचा आणि बोळक्या तोंडानं त्यांच्यासमोर जायचं नव्हतं. मास्क असतानाही. रात्रीही ते कवळी काढत नव्हते, कारण ठेवायला डबी नव्हती आणि उशाखाली ठेवली तर चादर बदलताना हरवेल अशी धास्ती. (कवळ्या हरवायच्या, ही गोष्ट खरी आहे. धुण्याच्या चादरींत गेलेली कवळी परत मिळत नाही, आणि नवी करून घ्यायची तर दवाखान्याच्या फेऱ्या आणि खर्च.) शेवटी त्यांनी काढली. टाळूवर कवळीच्या आकाराचा, कडा आखल्यासारखा लालभडक पट्टा. हाही कॅन्डिडाच, फक्त पांढऱ्या थराशिवायचा. कवळीच्या प्लॅस्टिकवर बुरशीचा बारीक थर बसतो आणि ती चोवीस तास टाळूला चिकटून राहिली की खालची त्वचा सोलत जाते. नुसतं पांढरं शोधणाऱ्याला हा प्रकार दिसत नाही.

गुरुजींशी ठरलं असं: कॉल होईपर्यंत कवळी तोंडात, कॉल संपला की माझ्या हातात. ती ब्रश आणि साबणानं घासून, नाव लिहिलेल्या डबीत पाण्यात बुडवून रात्रभर माझ्या टेबलावर. सकाळी आधी टाळूला औषध, नंतर कवळीच्या आतल्या बाजूला औषध, मग कवळी. घरून डबी आली त्या दिवशी त्यांनी तिच्यावर स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात नाव घातलं.

मेमध्ये म्युकरची भीती सुरू झाली आणि सगळ्यांचं लक्ष एकदम तोंडाकडे गेलं. एका परीनं चांगलं झालं, पण फार घबराटीनं. म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘ब्लॅक फंगस’, वेगळ्या बुरशीचा आजार आहे आणि तो खरोखर भयंकर आहे. साखर वाढलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या माणसात ही बुरशी नाक आणि सायनसमधून शिरते, रक्तवाहिन्या बंद करत जाते आणि टाळू, गाल, डोळा मारत नेते. केंद्रानं त्याच महिन्यात राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. त्याच सुमारास पाटण्याहून ‘व्हाईट फंगस’ची बातमी आली, काळ्यापेक्षा घातक अशी. दुसऱ्या दिवशी हेल्पडेस्कचा फोन थांबेना. “आमच्या बाबांना व्हाईट फंगस झालंय म्हणे. डोळा काढणार का?” एक मुलगी रडत होती. तिच्या वडिलांच्या जिभेवर थोडा थर होता, पेंट लावून निम्मा उतरलाही होता. एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की बुरशीला रंगानं ओळखू नका, त्यानं गोंधळ होतो. आमच्यासाठी ते फार वेळेवर आलं. मी फोनवर एवढंच सांगायचे: चेहऱ्याची एक बाजू दुखते किंवा बधिर होते का, नाकातून काळपट स्राव येतो का, डोळा सुजतो का, दोन दिसतात का, दात अचानक हलायला लागले का, टाळूवर काळा डाग आहे का? यातलं काही असेल तर क्षणभर थांबायचं नाही. हे नसेल आणि जिभेवर पुसून निघणारा पांढरा थर असेल, तर तो बहुतेक वेळा थोड्या दिवसांत औषधानं बरा होणारा आजार आहे.

त्या घबराटीतच एका आज्जींना “तोंड काळं पडलंय” म्हणून तातडीनं दाखवायला सांगितलं गेलं. मी पाहिलं. हिरड्या आणि दात काळे होते खरे, पण ते मिश्रीचे, भाजलेल्या तंबाखूच्या पुडीचे. आयुष्यभर सकाळी मिश्री लावलेल्या बाईचं तोंड. टाळू गुलाबी, दात पक्के, चेहऱ्यावर कुठे बधिरता नाही. कान-नाक-घसा डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि म्युकर नाही म्हणाले. पण त्याच तपासणीत त्यांच्या उजव्या गालात, जिथे मिश्री ठेवायच्या तिथे, एक पांढरा चट्टा दिसला. गॉजनं पुसला, निघेना. पुन्हा पुसला, जागचा हलला नाही. कॅन्डिडाचा थर पुसला की निघतो. तंबाखूचा चट्टा पुसून निघत नाही, आणि तो पुढे कॅन्सरकडे वळू शकतो. आमच्या भागात गालात तंबाखू धरणारे पुरुष आणि मिश्री लावणाऱ्या बायका इतक्या आहेत की पांढरं दिसलं की सरळ माउथ पेंट लिहून मोकळं होणं मला धोक्याचं वाटतं. आज्जींच्या डिस्चार्ज कार्डावर दंतविभागाला दाखवण्याची सूचना सरांनी लाल शाईत लिहिली आणि मी ती त्यांच्या मुलाला तीनदा वाचून दाखवली. पुढे ते गेले, तिथे तुकडा तपासायला घेतला. मिश्री सोडायला सांगितली. कॅन्सर निघाला नाही, पण दर काही महिन्यांनी दाखवायला बोलावलं आहे.

सगळ्यांना नुसत्या पेंटनं बरं वाटलं असं नाही. चाळिशीच्या आतला एक रिक्षावाला होता. त्याचं तोंड दोन दिवसांत पुष्कळ साफ झालं तरी जेवेना. “घास छातीत अडकतो, मधोमध जळतो.” कोविडमध्ये छातीत दुखतंय म्हटल्यावर आधी ईसीजी. तो ठीक आला. सर म्हणाले, बुरशी अन्ननलिकेत उतरलेली दिसते. वरून लावलेलं औषध तिथे पोचत नाही, म्हणून फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध पोटातून सुरू झालं, दोन-तीन आठवड्यांसाठी. पहिल्या दिवशीच सरांनी त्याचा औषधांचा चार्ट मागवला. त्याला बाहेरून अझिथ्रोमायसिन सुरू होतं. ते आणि फ्लुकोनॅझोल दोन्ही हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करू शकतात, ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबवतात. अझिथ्रोमायसिन बंद झालं. पाच नंबरच्या काकांच्या बाबतीत वेगळीच अडचण. ते घरी ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घ्यायचे, आणि फ्लुकोनॅझोलसोबत ती गोळी शरीरात जास्त वेळ टिकते, साखर एकदम उतरते. वॉर्डात ते इन्सुलिनवर होते म्हणून गोळी बंदच होती. पण घरी गेल्यावर दोन्ही एकत्र सुरू झाल्या असत्या तर? म्हणून त्यांना पोटातलं औषध न देता पेंटवरच ठेवलं.

एका ताईंचा थर मात्र फ्लुकोनॅझोलनंही हटेना. तेव्हा मी स्वॅब घेऊन प्रयोगशाळेत गेले. आरटीपीसीआरच्या ढिगाऱ्यात बुडालेल्या मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी तरी वेळ काढला. काचेवर नमुना, त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, आणि मायक्रोस्कोपखाली मला पाहायला बोलावलं. गोल-लांबट पेशी, त्यांना फुटलेले कोंब आणि साखळीसारखे लांब धागे. इतके दिवस मी गॉजवर पुसून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकत होते ते हे. मग त्यांनी कल्चर लावलं, आणि वाढलेल्या वसाहतीतला थोडा भाग सीरममध्ये ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवला. कॅन्डिडा अल्बिकन्स असेल तर त्या वेळात पेशीतून सरळ नळी फुटते. यात फुटली नाही. म्हणजे अल्बिकन्स नव्हती, तिच्या जातभाईंपैकी एक होती, आणि त्यांतल्या काहींवर फ्लुकोनॅझोल नीट चालत नाही. औषध बदललं, आणि त्याहून मोठा बदल म्हणजे साखर एकदाची दोनशेच्या खाली टिकायला लागली. कशामुळे बरं वाटलं हे वेगळं काढून सांगता येणार नाही, पण ताई जेवायला लागल्या.

याच्या उलटही सांगायला हवं. थुंकीच्या किंवा श्वासनलिकेतल्या नमुन्यात कॅन्डिडा सापडली की नातेवाईक हादरायचे, “फुप्फुसात बुरशी!” सर बहुतेक वेळा त्यावर काहीच औषध देत नसत. तोंडातूनच ती नमुन्यात येते. फुप्फुसाचा खरा कॅन्डिडा न्यूमोनिया फार क्वचित. रक्तात सापडली तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे लगेच उपचार आणि सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) बदलायची तयारी.

काकांचा थर तीन-चार दिवसांत उतरला. आधी दही-भात, मग मऊ खिचडी. ऑक्सिजन सुधारावा म्हणून पालथं झोपायला सांगितलं की आधी ते कुरकुरायचे, अंगात ताकदच नाही म्हणायचे. पोटात अन्न जायला लागल्यावर स्वतःहून पालथे व्हायला लागले. एक दिवस मला म्हणाले, “बाई, आता खर्डा-भाकरी कवा?” मी म्हटलं, तोंडाची सोललेली कातडी भरून येऊ दे, मग घरी जाऊन खा. त्यांच्या मुलीला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा ती हसली आणि लगेच रडायला लागली.

हे सगळं माझ्या एकटीच्यानं झालं नसतं. परिसेविका मॅडमनी रोजच्या चार्टवर टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि एचजीटीच्या शेजारी आणखी एक रकाना आखून दिला, ‘तोंड’. त्यात चारच गोष्टी भरायच्या: ओलं की कोरडं, थर आहे की नाही, कवळी आहे का आणि आज ब्रश झाला का. पुढच्या पाळीला ओव्हर देताना तेही वाचायचं. मावशींनी तर माझ्याआधी ओळखायला सुरुवात केली. ताट नेताना त्या पेशंटला विचारायच्या, “चव नाही का झोंबतंय?” आणि झोंबतंय म्हणाला की मला हाक मारायच्या. वॉर्डातली पहिली तपासणी त्यांच्याच हातून व्हायची.

कोविड वॉर्ड बंद झाल्यावर मी मेडिसिन वॉर्डात आले. पावसाळ्यात तिथे फ्लूचे, स्वाइन फ्लूचे पेशंट येतात, वर्षभर दम्याचे आणि सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे. स्टेरॉइड, अँटिबायोटिक, ऑक्सिजन, साखर, सगळं तेच. दम्याचा पंप (इनहेलर) घेणाऱ्यांना मी पंप घेऊन झाला की खळखळून चूळ भरून टाकायला लावते, कारण पंपातलं स्टेरॉइड जिभेवर आणि घशात बसतं. ‘तोंड’चा रकाना इथल्या चार्टवरही आखून घेतला आहे. शिकाऊ मुली नव्या आल्या की त्यांना पहिल्या दिवशी टॉर्च, लाकडी पट्टी आणि गॉज हातात देऊन प्रत्येक बेडवर पाठवते, आणि कवळी असलेल्या पेशंटांची नावं त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून आणायची असतात. गेल्या आठवड्यात एकीनं आणलेल्या कागदावर सहा नावं होती, त्यांतल्या दोघांच्या कवळ्या उशाखाली रुमालात गुंडाळलेल्या. डब्या आमच्या स्टोअरमध्ये मिळत नाहीत, म्हणून इंडेंटमध्ये मागणी घातली आहे.